आरएनएचे संशोधन आणि त्याचे धनी

(कार्यकर्त्यांच्या अभ्यास शिबिरात झालेल्या भाषणाचा मजकूर)



2023 सालचे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक कॅटलिन कारिको आणि ड्रू वाइसमन यांना मिळाले. पुढच्याच वर्षी ते व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रवकुन यांच्याकडे गेले. दोन्ही वेळा गौरव झाला तो आरएनए या एकाच रेणूवरील संशोधनाचा. पेशीविज्ञानाच्या एका शाखेला एवढा मान लागोपाठ मिळाल्यावर तिच्यासाठी सरकारी तिजोऱ्या मोकळ्या होतील, अशी कोणाचीही अपेक्षा असणार. प्रत्यक्षात 5 ऑगस्ट 2025 रोजी अमेरिकेच्या आरोग्य खात्याने एमआरएनए लसींचे 22 सरकारी प्रकल्प गुंडाळत असल्याचे जाहीर केले. त्यांची किंमत सुमारे 50 कोटी डॉलर होती.

श्रमिकांच्या पक्षाने प्रयोगशाळांमधल्या या घडामोडींत लक्ष का घालावे, असा प्रश्न काहींच्या मनात येईल. या शास्त्राचा जमाखर्च मांडला की त्याचे उत्तर आपोआप मिळते.

आरएनए म्हणजे काय, हे समजण्यास शास्त्राची पदवी लागत नाही. पेशीच्या केंद्रकातील डीएनए हे मूळ दप्तर होय. ते दप्तर कचेरीबाहेर जात नाही. शेतकऱ्याला सातबाऱ्याचा उतारा काढून दिला जातो आणि पुढचे व्यवहार त्या उताऱ्यावर चालतात. तसा डीएनएवरून आरएनएचा उतारा निघतो आणि त्याबरहुकूम पेशी प्रथिने बनविते. हा निरोप्या आरएनए 1961 मध्ये पॅरिस, केंब्रिज आणि कॅलिफोर्निया येथील संशोधकांनी ओळखला. काढलेल्या उताऱ्यातील अनावश्यक मजकूर कापून उरलेला जोडला जातो, हे 1977 मध्ये उघडकीस आले. त्या वेळी यातून औषध निघेल आणि त्या औषधावर कोणी अब्जाधीश होईल, असे कोणाच्या ध्यानीमनी नव्हते. हे ज्ञान विद्यापीठांत, लोकांच्या करांतून आणि धर्मादाय निधीतून उभे राहिले.

कारिकोबाईंचे आयुष्य या संदर्भात पाहण्यासारखे आहे. त्या हंगेरीतील एका खाटकाच्या कन्या. सेगेद येथील संशोधन संस्थेतील त्यांची जागा 1985 मध्ये निधीअभावी गेली. त्या पती व लहान मुलीसह अमेरिकेत आल्या आणि 1989 पासून पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात काम करू लागल्या. आरएनएचे औषध होऊ शकते हा त्यांचा ध्यास. परंतु त्यांचे अनुदानाचे अर्ज एकामागून एक नाकारले गेले. अनुदान आणत नाही म्हणून 1995 मध्ये विद्यापीठाने त्यांना खालच्या पदावर ढकलले. समाजवादी देशात त्यांची नोकरी गेली आणि भांडवलशाही देशात पदावनती झाली, हेही नोंदवून ठेवलेले बरे. वाइसमन यांच्यासह त्यांनी 2005 मध्ये दाखवून दिले, की आरएनएतील एका घटकात बारीकसा बदल केल्यास शरीर त्याच्यावर तुटून पडत नाही. कोट्यवधी लोकांनी टोचून घेतलेल्या लसींचा पाया हाच. त्याचे पेटंट विद्यापीठाच्या मालकीचे झाले. त्याचा परवाना एका खासगी कंपनीकडे गेला आणि तिच्यामार्फत मॉडर्ना व बायोएनटेक या कंपन्यांच्या हाती लागला.

आता आकडे पाहू. ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये 2023 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, 1985 ते मार्च 2022 या काळात अमेरिकी सरकारने एमआरएनए लसींसाठी किमान 3,190 कोटी डॉलर खर्च केले. त्यापैकी 2,920 कोटी तयार लस विकत घेण्यासाठी गेले आणि साथ येण्यापूर्वीच्या संशोधनावर 33.7 कोटी. जर्मन सरकारने 2020 मध्ये बायोएनटेकला 37.5 कोटी युरोंपर्यंतचे साहाय्य देऊ केले, ते वेगळे. उलट बाजूस, मॉडर्नाने एकट्या 2021 या वर्षात 1,220 कोटी डॉलरचा निव्वळ नफा कमावला. जनतेने संशोधनाचा खर्च सोसला, चाचण्यांची जोखीम उचलली आणि मग तीच जनता हमखास गिऱ्हाईक म्हणून दुकानापुढे उभी राहिली. कंपन्यांनी काहीच केले नाही, असे म्हणणे मात्र खोटे ठरेल. वर्षभरात कोट्यवधी मात्रा तयार करणे हे मोठेच कर्तृत्व होते. वाद कर्तृत्वाचा नाही, वाटणीचा आहे.

2 ऑक्टोबर 2020 रोजी भारत आणि दक्षिण आफ्रिका यांनी जागतिक व्यापार संघटनेपुढे प्रस्ताव ठेवला, की साथ असेपर्यंत लस, औषधे व उपकरणे यांवरील बौद्धिक स्वामित्वाचे नियम स्थगित करावेत. श्रीमंत राष्ट्रांनी तो वीस महिने घोळवत ठेवला आणि जून 2022 मध्ये जो निर्णय झाला तो केवळ लसींच्या पेटंटांपुरता, इतका आखूड की त्याचा उपयोग जवळजवळ शून्य. त्याच सुमारास केपटाऊनमध्ये निराळाच धडा गिरवला गेला. जागतिक आरोग्य संघटनेने तेथे एमआरएनए लसींचे केंद्र उभारले होते. मॉडर्नाने कृती सांगण्यास नकार दिला, तेव्हा तेथील शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध झालेल्या माहितीवरून ती लस प्रयोगशाळेत स्वतःच्या बळावर तयार करून दाखविली. ज्ञान कोंडून ठेवता येते ते काही काळच; पण साथीत तेवढ्या काळात माणसे मरतात.

भारतात हाच झगडा एका आजाराच्या निमित्ताने न्यायालयात लढला गेला. मेरुरज्जूतील चेतापेशी निकामी होऊन बालकांचे स्नायू झिजत जाण्याचा एक जनुकीय आजार आहे. त्यावरील रिसडिप्लाम हे औषध आरएनएच्या कापणी-जोडणीतील दोष सुधारते. म्हणजे 1977 च्या त्या निरुपयोगी वाटलेल्या शोधाचेच हे दूरचे फळ. रोश या स्विस कंपनीच्या औषधाच्या एका बाटलीची भारतातील किंमत सहा लाख रुपयांच्या घरात होती. हैदराबादच्या नॅटको कंपनीने तेच औषध बनविण्याची तयारी केली आणि रोशने मनाई मागितली. दिल्ली उच्च न्यायालयाने पेटंटाची वैधता सकृद्दर्शनी शंकास्पद ठरवून मनाई नाकारली. ऑक्टोबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हस्तक्षेप केला नाही. नॅटकोने बाटलीची किंमत ठेवली 15,900 रुपये. सहा लाख आणि सोळा हजार यांतील फरक कच्च्या मालाचा नाही, मजुरीचाही नाही. तो मक्तेदारीचा कर आहे. 1970 च्या आपल्या पेटंट कायद्याने औषधाच्या पदार्थावर पेटंट देण्यास मनाई केली होती. 2005 मध्ये ती ढाल टाकून द्यावी लागली. जी काही कलमे उरली, त्यांच्या आधारे हे निकाल लागतात, हे विसरून चालणार नाही.

महाराष्ट्राला या शास्त्रात वाटा आहे. पुण्याच्या जिनोव्हा कंपनीने देशातील पहिली एमआरएनए लस तयार केली. जून 2022 मध्ये तिला आणीबाणीच्या वापराची परवानगी मिळाली आणि साध्या शीतपेटीच्या तापमानात ती टिकते, हा तिचा मोठा गुण. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाचा पैसा तिच्यामागे होता. लस आली तोवर साथीचा जोर ओसरला होता, हे खरे. परंतु तंत्र देशात आले. ज्या राज्यात हाफकिन संस्था आहे आणि पिंपरीत 1954 साली पेनिसिलिनचा सरकारी कारखाना उभा राहिला, तेथे हे तंत्र सार्वजनिक क्षेत्राच्या हाती का असू नये, हा प्रश्न विधिमंडळात तरी विचारला जावयास हवा होता.

आता तरुण संशोधकांच्या संधींविषयी. नोबेलच्या बातम्या वाचून पुण्या-हैदराबादच्या प्रयोगशाळांकडे वळणाऱ्या मुलामुलींना तेथे काय मिळते? कनिष्ठ संशोधन वृत्ती 25,000 रुपयांवरून 31,000 झाली ती 2019 च्या जानेवारीत, देशभरच्या विद्यार्थ्यांनी आंदोलन केल्यावर. 2023 मध्ये ती 37,000 झाली. ही वृत्ती आहे, पगार नव्हे. तिच्यासोबत भविष्यनिर्वाह निधी नाही, नोकरीची हमी नाही. डॉक्टरेट झाल्यावर वाट्याला येते ती प्रकल्प संपेपर्यंतची कंत्राटी नेमणूक. गिरणीतला बदली कामगार आणि प्रयोगशाळेतला हा कंत्राटी विद्वान यांच्या स्थितीत वाटते तितके अंतर नाही.

देश संशोधनावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या 0.64 टक्के एवढाच खर्च करतो, हा 2020-21 चा सरकारी आकडा. 2023 च्या कायद्याने अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान स्थापन झाले. त्यासाठी पाच वर्षांत 50,000 कोटींची योजना जाहीर झाली, पण त्यातील सुमारे 36,000 कोटी खासगी व अन्य बिगरसरकारी स्रोतांतून यावयाचे होते. खासगी भांडवल क्षयरोगाच्या किंवा काळा आजाराच्या लसीसाठी थैली सोडील, असे मानावयास आधार नाही. रोगी गरीब असतील तेथे बाजार नसतो.

पक्षाच्या लोकप्रतिनिधींनी पुढच्या अधिवेशनात एक साधा प्रश्न लेखी स्वरूपात विचारावा. सार्वजनिक निधीतून झालेल्या जैवतंत्रज्ञानाच्या संशोधनातून गेल्या दहा वर्षांत किती पेटंटे निघाली, त्यांचे परवाने कोणत्या कंपन्यांना आणि कोणत्या अटींवर दिले गेले, आणि त्यांपैकी किती करारांत औषधाच्या किमतीवर मर्यादा घातलेली आहे?