नव्याने आलेल्यांना आपला गोवा कोण सांगणार?

(शिरगाव येथील सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही बँकेतले कारकून. काउंटरवर बसलो की अख्खा देश समोरून जातो. ओडिशाचा वेल्डर, विजापूरकडची मजूर बाई, झारखंडचा ट्रकचालक. खाते उघडण्याच्या फॉर्मवर सगळे एकाच रकान्याशी अडतात: सध्याचा पत्ता. राहतात त्या गावाचे नाव त्यांना धड सांगता येत नाही, कारण कोणी सांगितलेलेच नसते.

डिसेंबर २०२२ मध्ये मोपा विमानतळाचे उद्घाटन झाले. २०१२ पासून थंडावलेल्या खाणींपैकी डिचोलीची खाण २०२४ मध्ये पुन्हा सुरू झाली. पेडणे-डिचोलीत बाहेरचा माणूस येतच राहणार. आपण त्याला 'भायलो' म्हणतो, 'घाटी' म्हणतो, आणि खोलीचे भाडे मात्र चोख घेतो. भाडेकरूची पोलीस पडताळणी जरूर करावी, तो कायदाच आहे. पण कागद भरला म्हणजे ओळख झाली काय?

जरा मागे पाहू. तिसवाडी, बारदेश, साष्टी या जुन्या काबिजादी. तिथे देवळे मोडली तेव्हा देव आणि माणसे नदी ओलांडून आपल्या बाजूला आली. नार्वेचा सप्तकोटेश्वर मूळचा दिवाडीचा. त्याच्या देवळाचा जीर्णोद्धार शिवछत्रपतींनी १६६८ मध्ये करविला. म्हणजे आपल्या तालुक्यातला थोर देवसुद्धा आसरा मागत आलेला. आज सभागृहात बसलेल्या किती घराण्यांचे मूळ गाव पलीकडचे आहे, ते ज्याचे त्याने आठवावे.

आणि आपली लईराई? लोककथेप्रमाणे सात बहिणींपैकी ती एक. मुळगावची केळबाय, मयेची महामाया, मोरजीची मोरजाय या तिच्या बहिणी, आणि म्हापशाची मिलाग्रीस सायबीण हीसुद्धा बहीणच. देवळातून चर्चला मोगरीची फुले जातात, चर्चमधून देवीला तेल येते. हा देश कसा आहे, हे परक्याला समजावण्यासाठी याहून सोपा धडा आम्हांला माहीत नाही.

आता राजकारणाचे बोलू. १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोकणी राजभाषा झाली, मराठीच्या वापराला मुभा मिळाली. मराठीसाठी आपण मोर्चे काढले, पुढेही काढू. पण आपली स्वतःची मुले कुठे शिकतात? इंग्रजी शाळेत. गावच्या सरकारी मराठी प्राथमिक शाळेत बाकावर कोण बसते, ते एकदा जाऊन पाहावे. पुष्कळ ठिकाणी तो वर्ग याच मजुरांच्या मुलांवर तगून आहे. घरी कन्नड वा हिंदी बोलणारे ते पोर 'कमळ' गिरवते म्हणून शाळेला कुलूप लागत नाही. त्याच्या बापाला हिणवून आपण मराठीचे कोणते हित साधतो?

भाषेच्या वादात आपल्यालाही 'तुम्ही महाराष्ट्राचे' म्हणून हिणवले गेले आहे. तो शब्द कसा बोचतो, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

मंडळापुढे आमची सूचना साधी आहे. मराठी, हिंदी आणि कन्नडमध्ये दोन पानी माहितीपत्रक काढावे. डिचोलीचा बाजार बुधवारी, म्हापशाचा शुक्रवारी. सरकारी दवाखाना कुठे, पंचायतीत कोणता दाखला मिळतो, मुलाचे नाव कोणत्या शाळेत घालावे. नवा सोमवार काय, जत्रेत धोंडांची वाट का अडवू नये. ३ मे २०२५ च्या पहाटे इथल्या जत्रेत चेंगराचेंगरीत भाविकांचे जीव गेले. गर्दीत कुठे थांबावे, कुठून निघावे, हे नव्या माणसाला आधी ठाऊक असणे ही आता शिष्टाचाराची गोष्ट राहिलेली नाही.

दुसरे, प्रत्येक वाड्यावरच्या एका घराने जूनमध्ये एका नव्या मुलाला शाळेपर्यंत पोचवावे. यात खर्च नाही, ठराव नको.

पुढे त्यांतले काहीजण इथे मतदार होतील. तेव्हा 'या गावाने मला काय दिले' हा प्रश्न ते स्वतःला विचारतीलच. त्याचे उत्तर आज आपल्या हातात आहे, एवढेच सांगून आम्ही आपली रजा घेतो.