‘किमान देय’ रकमेचा विळखा



कर्ज हा आपल्या समाजाला अपरिचित विषय नाही. ऋण काढून सण करू नये, असे घरोघरची वडीलधारी मंडळी सांगत आली. तरीही प्रसंगी कर्ज काढावेच लागे. म्हणूनच हिंदू कायद्यात ‘दामदुप्पट’चा दंडक होता. थकलेले व्याज एका वेळी मुद्दलाहून अधिक वसूल करता येऊ नये, हे त्याचे सूत्र. मुंबई इलाख्यातील न्यायालयांनीही ते मानले.

क्रेडिट कार्डाच्या बाबतीत मात्र अशी लक्ष्मणरेषा दुसरे कोणी आखील, या भरवशावर राहता येणार नाही. वार्षिक ३० टक्क्यांहून अधिक व्याज ही अनुचित व्यापारी प्रथा होय, असा निर्णय राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी तो रद्दबातल ठरविला. हा विषय रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीतील मानला. आता मर्यादा कुटुंबानेच घालावयाची आहे.

कार्ड मुळात वाईट नव्हे. दरमहा मुदतीत संपूर्ण रक्कम भरणाऱ्यास खरेदीवर व्याज पडत नाही. खरी मेख आहे ती बिलावरील ‘किमान देय रक्कम’ या शब्दांत. समजा, ४०,००० रुपये थकले आणि व्याज दरमहा साडेतीन टक्के आहे. महिन्याचे व्याज झाले १,४०० रुपये. त्यावर १८ टक्क्यांनी वस्तू व सेवा कर २५२ रुपये. किमान रक्कम पाच टक्के धरली, तर गृहस्थ २,००० रुपये भरतो आणि कर्तव्य पार पडल्याचे समाधान मानतो. प्रत्यक्षात मुद्दल फिटते अवघे ३४८ रुपये! शिवाय थकबाकी असेतो नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही. कार्डावर रोख रक्कम काढली, तर व्याज पहिल्या दिवसापासूनच लागते.

यावर उपाय साधे आहेत. खात्यात जेवढी शिल्लक, तेवढीच कार्डावर खरेदी. थकबाकी झालीच असेल, तर नवी खरेदी तत्काळ थांबवावी. ठेव मोडून अथवा कमी व्याजाचे कर्ज घेऊन ती एकरकमी फेडावी. आणि मुख्य म्हणजे, ती घरच्यांपासून लपवू नये. लपविलेले कर्ज व्याजाबरोबर घरातील विश्वासही खाते. महिन्यातून एकदा पती-पत्नींनी बिल समोर ठेवून एकत्र बसावे. कमावत्या मुलामुलींनाही सोबत घ्यावे. अंथरूण पाहून पाय पसरण्याचा संस्कार भाषणाने नव्हे, या अर्ध्या तासाने रुजेल.