पाव: अक्षरं दोन, घराणी तीन

वाण्याकडे आपण पाव किलो साखर मागतो, बेकरीत एक लादी पाव मागतो, आणि अडचण आलीच तर देवाला म्हणतो, बाबा रे, आता तूच पाव. दोन अक्षरांचा एकच शब्द तीन ठिकाणी तीन कामं करतो. लिहायला सारखा, बोलायला सारखा. पण आडनाव एक असलं म्हणून माणसं भाऊबंद असतात असं नाही, आणि या तिघांचं तर मूळ गावही वेगळं आहे.

आधी वाण्याचा पाव. हा संस्कृत ‘पाद’पासून आला. पाद म्हणजे पाय. चार पायांच्या जनावराचा एक पाय म्हणजे चौथा हिस्सा, म्हणून पाद म्हणजे चतुर्थांश. या घराण्याचा गोतावळा मोठा. पाऊण म्हणजे पाद-ऊन, पावाने उणं. सव्वा म्हणजे सपाद, पावासह. पावशेर गेला, चार आण्याची पावली गेली. पावकी, निमकी, पाऊणकीचे पाढे तोंडपाठ असलेली पिढीही आता थकली. पावणेदोन मात्र रोज दुपारी घड्याळात वाजतातच.

देवाचा पाव हे क्रियापद. संस्कृत ‘प्राप्’ म्हणजे पोचणं, मिळणं, त्याचं प्राकृतातून झालं पावणे. हिंदीतलं ‘पाना’ त्याचंच भावंड. नवसाला पावणारा गणपती आणि वीजबिल भरल्याची पावती एकाच मुळाची आहेत, हे मला फार आवडतं. दोन्हीकडे काहीतरी पोचलेलं असतं.

आता बेकरीतला पाव. याच्याबद्दल लोक दोन गोष्टी ठासून सांगतात. एक, मोठ्या रोटीचे चार तुकडे करायचे, म्हणून पाव. दुसरी, त्याची कणीक पायांनी तुडवायचे, म्हणून पाव. ही दुसरी बहुधा हिंदीतल्या ‘पाँव’वरून सुचली असावी. दोन्ही गोष्टी रंगतदार आहेत आणि दोन्ही खोट्या आहेत. हा पाव पोर्तुगीज भाषेतला. पोर्तुगीज रोटीला ‘पांव’ म्हणतात, शेवट नाकात. कोकणीने आणि गुजरातीने तो अनुस्वार ठेवला, मराठीने सोडून दिला. हे मराठीने एकदाच केलेलं नाही. पोर्तुगीजांच्या ‘लेइलांव’चा आपण लिलाव केला, तोही याच चालीने. बंगालीत तर ‘पाउरुटी’ म्हणतात. म्हणजे रोटी-रोटी!

पोर्तुगीजांनी गोवा 1510 मध्ये घेतला, वसई 1534 मध्ये. त्यांना रोज रोटी लागे. तिकडचं खमीर इथे मिळेना, तेव्हा गोव्यात माडाची सूर, म्हणजे माडी, घालून पीठ फुगवायला लागले. पाव भाजणारा तो पोदेर, हाही शब्द त्यांचाच. सायकलला टोपली बांधून, भोंगा वाजवत तो आजही गोव्यातल्या वाड्यांवर फिरतो, आणि त्याच्याकडे उंडो, पोई, कांकण असे प्रकार असतात. इकडे वसईत वेगळीच आठवण. विहिरीत पाव टाकला, ते पाणी प्यालेला गाव बाटला, अशा कथा तिथे पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या गेल्या. ज्या पदार्थाने माणूस बाटतो असं लोक मानत, त्यात वडा घालून आज सगळा महाराष्ट्र खातो.

पण हा पाव चौथाईचा नाही आणि पायाचाही नाही, याचा साक्षीदार कोण? माझ्या मते, जपान. 1543 मध्ये पोर्तुगीज तानेगाशिमा बेटावर उतरले. 1549 मध्ये ख्रिस्ती धर्मप्रचारक फ्रान्सिस झेवियर गोव्याहून निघून कागोशिमाला पोचले. जपान्यांनीही पोर्तुगीजांकडून तो शब्द ऐकला आणि त्याचं केलं ‘पान’. आपण टाकलेला नाकातला उच्चार त्यांनी चक्क ‘न’ करून ठेवला. जपानीत पाव म्हणजे चौथाई नाही, पाँव म्हणजे पाय नाही, तरी रोटीचं नाव तेच. 1639 मध्ये जपानने पोर्तुगीजांना हाकलून दिलं, शब्द मात्र राहिला. पुढे 1874 मध्ये टोकियोच्या किमुराया बेकरीने लाल कडधान्याचं गोड सारण भरलेला ‘अनपान’ काढला. पीठ फुगवायला वापरलं तांदळाच्या दारूचं, साकेचं, विरजण. गोव्यात सूर, टोकियोत साके! जपानमार्गे हा शब्द कोरियात गेला, तिथे तो ‘प्पांग’ झाला.

या सगळ्यांच्या मागे लॅटिन ‘पानिस’ आहे, म्हणजे रोटी. त्याला ‘कॉम’, म्हणजे सोबत, हा शब्द जोडून एका रोटीचे वाटेकरी असा अर्थ झाला, आणि त्यातूनच पुढे ‘कंपनी’ निघाली. पोर्तुगीजांनी 1661 च्या तहात मुंबई इंग्रज राजाला आंदण दिली आणि राजाने 1668 मध्ये ती ईस्ट इंडिया कंपनीला भाड्याने दिली. भाडं होतं वर्षाला दहा पौंड. म्हणजे मुंबई पाववाल्यांच्या हातून सुटली आणि सात वर्षांत पुन्हा पावाच्याच वाटेकऱ्यांकडे गेली.