संघ कोणाचा?



या व्याख्यानमालेत आजवर संतसाहित्य, इतिहास, शिक्षण अशा विषयांवर अधिकारी वक्ते बोलून गेले. त्या मालिकेत मी खेळाचा विषय निवडला, याचे काहींना नवल वाटले असेल. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत त्यांनी मैदानाला वर्गाइतकेच महत्त्व दिले, हे त्यांचे विद्यार्थी जाणतातच. परंतु मी आज सामन्यांच्या आठवणी सांगणार नाही. खेळाडू आणि त्यांचा संघ चालवणारे लोक यांच्यात जेव्हा वाद पेटतो तेव्हा नेमके काय पणाला लागते, एवढाच माझा विषय आहे. आणि त्यासाठी मी आपल्याला एका शतकापूर्वीच्या मुंबईत नेणार आहे.

त्या काळी मुंबईत चौरंगी सामने भरत. युरोपियन, पारशी, हिंदू आणि मुसलमान असे धर्मावर उभारलेले चार संघ असत. हिंदूंचा संघ निवडण्याचे काम हिंदू जिमखान्याच्या धुरीणांकडे होते. या संघाचा सर्वांत मोठा गोलंदाज होता पालवणकर बाळू. डावखुरा, संथ गतीचा, चेंडूवर विलक्षण हुकमत असलेला. जातीने चर्मकार. पुण्याच्या जिमखान्यात दरमहा चार रुपयांवर खेळपट्टीची निगा राखण्याचे काम करताना साहेबांना सरावासाठी चेंडू टाकता टाकता त्याची गोलंदाजी तयार झाली. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला, तेव्हा बाळूंनी त्या एका दौऱ्यात शंभराहून अधिक बळी मिळवले. पण पुण्यात हिंदू संघाकडून खेळताना याच बाळूंना चहा मिळे तो पॅव्हिलियनबाहेर, मातीच्या भांड्यात. मैदानावर त्यांच्या हातून आलेला चेंडू सर्वांना चाले. चहाच्या वेळी मात्र तेच हात अस्पृश्य ठरत. या विसंगतीची त्या काळातील फार थोड्यांना लाज वाटली.

बाळूंच्या मागोमाग शिवराम, विठ्ठल आणि गणपत हे त्यांचे भाऊही संघात आले. विठ्ठल तर हिंदू संघाचे अग्रगण्य फलंदाज ठरले. अशा रीतीने एकाच घरातील भावंडांवर संघाची मोठी भिस्त राहू लागली. तरीही कर्णधारपदाची वेळ आली की निवड दुसऱ्याच कोणाची तरी होई. येथे एका व्यक्तीविषयी आदराने बोलले पाहिजे. मु. दा. पै हे संघाचे कर्णधार होते. त्यांनीच एका सत्कारप्रसंगी जाहीरपणे सांगितले, की हा मान खरे म्हणजे ज्येष्ठ आणि अनुभवी म्हणून बाळूंना मिळावयास हवा होता. आपल्याच पदाविषयी असे बोलणारी माणसे आजही विरळा आहेत.

आता १९२० साल. पै आजारी पडले आणि पहिल्या सामन्यासाठी कर्णधारपद पुण्याचे प्रा. दि. ब. देवधर यांच्याकडे गेले. बाळूंना तर संघातच घेतले नाही. देवधरांच्या योग्यतेविषयी येथे कोणतीही शंका नाही. पुढे रणजी स्पर्धेत महाराष्ट्राच्या संघाला त्यांनी जे यश मिळवून दिले ते सर्वश्रुत आहे. पण १९२० साली ते संघात तुलनेने कनिष्ठ होते, आणि बाळू बाहेर असले तरी विठ्ठल व शिवराम हे दोघे ज्येष्ठ खेळाडू हाताशी होते. त्यांचा विचार झाला नाही. तेव्हा विठ्ठल आणि शिवराम या दोघांनी संघातून माघार घेतली आणि तिचे कारण जाहीर केले. खेळातील गुण बाजूला ठेवून जातीच्या कारणाने हा अन्याय होत आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ होता.

मित्रहो, या ठिकाणी मी थोडा थांबतो, कारण व्यवस्थापनाची बाजूही ऐकली पाहिजे. बाळू त्या वेळी चव्वेचाळीस-पंचेचाळीस वर्षांचे होते. त्या वयाच्या गोलंदाजाला विश्रांती देणे हा कोणत्याही निवड समितीचा अधिकारच आहे, असे कोणी म्हणेल. आणि ते म्हणणे सर्वस्वी चुकीचेही नाही. निवड म्हटली की कोणाला तरी वगळणे आलेच, आणि वगळलेल्या प्रत्येकाने रुसून बसावे असे ठरले तर संघ उभाच राहणार नाही. मग ही माघार योग्य कशी ठरते? याचे उत्तर पुढच्याच घटनेत आहे. माघारीवरून गवगवा झाला. अंतिम सामना पारशांशी होता. पै बरे होऊन परतले, पालवणकर बंधूंना संघात पुन्हा स्थान मिळाले आणि बाळूंना चक्क उपकर्णधार करण्यात आले! सामन्यात पै काही वेळ मैदानाबाहेर गेले आणि तेवढा काळ संघाचे नेतृत्व बाळूंनी केले. आता विचार करा. ज्या माणसाला थोड्याच दिवसांपूर्वी अकरांतही जागा नव्हती तो एकाएकी उपकर्णधारपदाला पात्र कसा ठरला? एवढ्या अवधीत त्याचे वय काही कमी झाले नव्हते. म्हणजे वयाचे कारण हे कारणच नव्हते. व्यवस्थापनाने ज्या पद्धतीने माघार घेतली त्या पद्धतीनेच आपला मूळ निर्णय उघडा पाडला.

त्या वर्षी देशात असहकाराचे वारे वाहत होते. वर्षअखेरीस आपल्यापासून फार दूर नसलेल्या नागपुरात काँग्रेसचे अधिवेशन भरले आणि अस्पृश्यतेच्या कलंकाची चर्चा राष्ट्रीय व्यासपीठावर होऊ लागली होती. तेव्हा समितीला नमते घ्यावे लागले यात काळाचाही वाटा होता, हे मान्य केले पाहिजे. पण विठ्ठल आणि शिवराम यांनी जे केले तोही एक असहकारच होता, आणि तो त्यांनी स्वतःच्या जोखमीवर केला. त्यांच्या मागे ना पक्ष होता, ना संघटना. बाळूंना पूर्ण कर्णधारपद कधीच मिळाले नाही. तडजोडीत त्यांना एका सामन्याचा काही भाग मिळाला. मात्र १९२३ साली विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि त्या वर्षी संघाने चौरंगी सामने जिंकले. विठ्ठलांनी पुढे १९४८ साली ‘माझे क्रीडा-जीवन’ या नावाने मराठीत आत्मचरित्र लिहिले. आपल्या ग्रंथालयाने ते मिळवण्याचा प्रयत्न करावा, अशी माझी मुख्याध्यापकांना विनंती आहे.

पालवणकरांच्या माघारीचे यश कशात होते, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. ते दोघे संघाला हवे होते हे खरे, पण तेवढ्याने भागत नाही. एकासाठी दुसरा उभा राहिला, हे त्यातले मर्म आहे. ज्याच्यावर अन्याय झाला त्याने तक्रार केली तर लोक तिला स्वार्थ म्हणतात. ज्याची जागा पक्की आहे तो दुसऱ्यासाठी ती सोडतो, तेव्हा लोकांना ऐकावे लागते.

याच्या उलट उदाहरण १९३६ चे आहे. त्या वर्षीच्या इंग्लंड दौऱ्यावर संघाचे कर्णधार होते विजयानगरमचे महाराजकुमार, ज्यांना सारे ‘विझी’ म्हणत. पैसा, प्रतिष्ठा आणि ओळखी यांच्या बळावर ते कर्णधार झाले होते. तीन कसोटी सामन्यांत मिळून त्यांच्या धावा ३३. लाला अमरनाथ हे त्या संघातील उत्तम अष्टपैलू खेळाडू. भारतातर्फे कसोटीतले पहिले शतक १९३३ साली मुंबईत त्यांनीच झळकावले होते. लॉर्ड्सवरील एका सामन्यात पॅड बांधून बसलेल्या अमरनाथांच्या आधी एकामागून एक इतरांना पाठवले गेले. त्यांना संधी मिळाली ती दिवस संपता संपता. परतल्यावर ते संतापून बोलले, आणि व्यवस्थापक मेजर ब्रिटन-जोन्स व कर्णधार यांनी त्यांना पहिल्या कसोटीपूर्वीच बोटीने मायदेशी पाठवून दिले. सहकाऱ्यांनी रदबदली केली, पण खेळणे कोणी सोडले नाही. पुढे मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश सर जॉन बोमंट यांच्या समितीने चौकशी केली आणि विझींच्या नेतृत्वावर ताशेरे ओढले. पण तोवर दौरा संपला होता. मध्ये महायुद्ध आले, आणि अमरनाथ पुन्हा कसोटी खेळले ते १९४६ साली. दहा वर्षे! खेळाडूच्या आयुष्यात दहा वर्षे म्हणजे जवळजवळ सारे आयुष्यच. उशिरा मिळालेला न्याय खेळाडूच्या बाबतीत किती निरुपयोगी असतो, हे यावरून दिसते.

आपल्यापैकी अनेकांना १९८९ ची घटना आठवत असेल. वेस्ट इंडिजच्या दौऱ्यानंतर आपले काही खेळाडू मंडळाच्या परवानगीवाचून अमेरिकेत प्रदर्शनीय सामने खेळले. मंडळाने सहा जणांवर एक वर्षाची बंदी घातली. त्यांत कर्णधार दिलीप वेंगसरकर, कपिलदेव, रवी शास्त्री, किरण मोरे, अरुण लाल आणि आपल्या हैदराबादचे महंमद अझरुद्दीन होते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि मंडळाने बंदी मागे घेतली. हा वाद पैशाचा होता, म्हणून तो हलका, असे मी मानणार नाही. खेळाडूने कोठे खेळावे हे मंडळाने ठरवावयाचे, पण त्याच्या उपजीविकेची पुरेशी हमी मात्र द्यावयाची नाही, हा व्यवहार एकतर्फीच होता. तरी परवानगी न घेता जाणे हीही शिस्तीची गोष्ट नव्हे. दोन्ही पक्षांनी थोडे थोडे गमावले. वेंगसरकर पुन्हा भारताचे कर्णधार झाले नाहीत.

पैशाचा प्रश्नच नसेल तर असे वाद मिटतात का? याचे उत्तर आयर्लंडमध्ये सापडते. तेथे हर्लिंग नावाचा काठी आणि चेंडूचा प्राचीन खेळ आहे. परगण्यापरगण्यांचे संघ असतात, ऐंशी-ऐंशी हजार प्रेक्षक अंतिम सामन्याला जमतात आणि खेळाडूंना वेतन मिळत नाही. कोणी शिक्षक, कोणी बँकेत कारकून, सायंकाळी सराव. त्या देशातील कॉर्क परगण्याच्या खेळाडूंनी २००२ साली खेळणे थांबवले ते वैद्यकीय मदत, प्रवासाची व्यवस्था, सरावाच्या सोयी अशा साध्या मागण्यांसाठी. मागण्या मान्य झाल्या आणि २००४ व २००५ साली त्यांनी अखिल आयर्लंड अजिंक्यपद पटकावले. पुढे दोनदा पुन्हा संप झाला. एकदा निवडकर्ते कोणी नेमावेत यावरून, आणि नंतर जेरल्ड मॅकार्थी या प्रशिक्षकाच्या फेरनेमणुकीवरून. या शेवटच्या वेळी मॅकार्थींनी नवख्या मुलांना घेऊन संघ उतरवला. अखेर २००९ च्या मार्चमध्ये त्यांना पद सोडावे लागले. हजारो नागरिक खेळाडूंच्या बाजूने रस्त्यावर उतरले होते. परंतु ज्या मुलांनी बोलावणे आले म्हणून आनंदाने आपल्या परगण्याचा सदरा अंगात घातला, त्यांचे काय? त्यांच्या वाट्याला पराभव आला आणि वर आपल्याच गावच्या नायकांची नाराजी. संपाचा हिशेब मांडताना हा रकाना बहुधा रिकामा ठेवला जातो.

आता आपल्या शेजारच्या निजामाबादकडे येऊ. निखत झरीन ही तेथील मुष्टियोद्धा. २०१९ साली टोकियो ऑलिंपिकच्या पात्रता स्पर्धेसाठी ५१ किलो वजनगटात चाचणी न घेता मेरी कोम यांनाच पाठवण्याचा महासंघाचा विचार दिसू लागला. मेरी कोम यांची थोरवी वादातीत आहे. निखतने तीही नाकारली नाही. तिने क्रीडामंत्र्यांना जाहीर पत्र लिहून एकच मागितले, निष्पक्ष चाचणी. मला निवडा, असे ती म्हणाली नाही. तिच्यावर टीका झाली, ज्येष्ठांचा मान राखत नाही असेही म्हटले गेले. अखेर डिसेंबरात चाचणी झाली आणि निखत ९–१ अशी हरली. सामन्यानंतर मेरी कोम यांनी तिच्याशी हस्तांदोलनही केले नाही. मला विचाराल तर निखतचे म्हणणे त्याच दिवशी खरे ठरले होते. पराभवाने ते खोटे होत नव्हते, आणि २०२२ साली इस्तंबूलला ती जगज्जेती झाली नसती तरीही ते खरेच राहिले असते. कारण तिचा दावा कौशल्याविषयी नव्हता, पद्धतीविषयी होता.

येथे बसलेल्या शिक्षकांना उद्देशून एक गोष्ट बोलतो. बाळू, अमरनाथ, निखत ही मोठी नावे, म्हणून त्यांचे वाद आपल्यापर्यंत पोहोचले. तालुक्याच्या खो-खो किंवा कबड्डीच्या संघातून वगळलेल्या मुलीला माघारीचे शस्त्रसुद्धा उपलब्ध नसते, कारण तिच्यावाचून कोणाचे अडत नाही. ती घरी जाते आणि पुन्हा मैदानावर येत नाही, एवढेच होते. त्याची नोंद कोठेही राहत नाही. निवड कोणत्या दिवशी, कोणासमोर, कशाच्या आधारे झाली हे फळ्यावर लिहून ठेवावयास शाळेला एक खडू पुरतो.

एका वस्तुस्थितीकडे लक्ष वेधतो आणि माझे भाषण संपवतो. न्यायमूर्ती लोढा समितीने सुचवलेली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली मान्य केलेली क्रिकेटपटूंची संघटना २०१९ साली आपल्या देशात स्थापन झाली. मंडळाच्या सर्वोच्च परिषदेवर तिचा एक पुरुष आणि एक महिला प्रतिनिधी असतो. बाळूंच्या काळाशी तुलना करता हे पाऊल लहान नव्हे. मात्र या संघटनेचे सभासदत्व निवृत्त खेळाडूंसाठी आहे. जो आज मैदानात उतरतो, ज्याची आज निवड होते किंवा होत नाही, तो तिच्या दाराबाहेर आहे.