ठराव कोणासाठी लिहायचा?

(गणेशोत्सवातील व्याख्यान कार्यक्रमात ब्रह्मा घाट येथे केलेले भाषण)



काशीत बोलायला उभे राहायचे म्हणजे धीर लागतो. इथे शास्त्री-पंडितांची परंपरा. मी पॉलिटेक्निकमधून डिप्लोमा घेऊन रुळांच्या देखभालीत वीस-एक वर्षे घालवलेला माणूस. म्हणून विषयही माझ्या आवाक्यातला घेतला आहे: संस्थेचा ठराव कसा लिहावा. विषय रुक्ष आहे आणि प्रसादाची वेळ जवळ आली आहे, याची मला जाणीव आहे. मोजकेच बोलतो.

सुरुवात शब्दापासूनच करू. आपण ज्याला 'ठराव' म्हणतो, त्याला इथल्या कचेऱ्यांत 'प्रस्ताव' म्हणतात. मराठीत मात्र प्रस्ताव म्हणजे नुसती मांडलेली सूचना. ती मंजूर झाली की ठराव. आणि हिंदीतला 'ठहराव' म्हणजे आमच्या रेल्वेत गाडीचा थांबा! नव्या सभासदांचा इथेच गोंधळ होतो. माझी सूचना अशी की मूळ वहीत मराठीतच लिहावे, पण बँकेत किंवा निबंधकांकडे जाणारी प्रत हिंदीत करून तिच्यावर तोच ठराव क्रमांक, तीच तारीख आणि सचिवांची 'खरी प्रत' म्हणून सही असावी.

आता माझ्या खात्यातले एक उदाहरण देतो. रुळावर काम चालू असले की गाडीच्या लोको पायलटला सतर्कता आदेश मिळतो. अमुक किलोमीटरपासून तमुक किलोमीटरपर्यंत, ताशी इतका वेग, कारण अमुक. 'पुढे जरा सांभाळून जा' असे लिहून चालत नाही. तो लोको पायलट मला ओळखत नसतो, मी काय म्हणत होतो हे विचारायला तो थांबू शकत नाही. त्याच्याशी फक्त कागद बोलतो. ठरावाचेही तसेच आहे. ठराव सभेला हजर असलेल्यांसाठी नसतोच, त्यांना सगळे ठाऊक असते. जो सभेला नव्हता, जो आपल्याला ओळखत नाही आणि कदाचित आज जन्मलाही नाही, त्याच्यासाठी ठराव लिहायचा.

आपल्या वह्यांत नेहमी दिसणारे वाक्य पाहा: 'भांडी घेण्याबाबत चर्चा झाली व योग्य ती कार्यवाही करावी असे ठरले.' कोणी करायची? किती रुपयांपर्यंत? कधी? कोणत्या खात्यातून? चारही प्रश्न तसेच राहतात. तेच असे लिहिता येईल:

'ठराव क्र. ३. महाप्रसादासाठी पितळी भांडी रु. २५,००० (अक्षरी रुपये पंचवीस हजार फक्त) या मर्यादेत खरेदी करण्यास मंजुरी देण्यात येत आहे. कोषाध्यक्षांनी किमान तीन दुकानांचे दर घ्यावेत, खर्च समितीच्या बचत खात्यातून धनादेशाने करावा आणि पावत्या पुढील सभेत सादर कराव्यात. सूचक: अमुक. अनुमोदक: तमुक. ठराव सर्वानुमते मंजूर.'

पाच ओळी वाढल्या, पण पुढची भांडणे वाचली.

चर्चेत कोण काय म्हणाले ते इतिवृत्तात थोडक्यात यावे. ठरावात फक्त निर्णय. एका ठरावात एकच विषय. सर्वानुमते नसेल तर बाजूने किती, विरुद्ध किती, तटस्थ किती हे आकडे लिहावेत. विरोध नोंदवला म्हणून संस्थेला कमीपणा येत नाही. वहीची पाने क्रमांकित असावीत, मध्ये कोरी जागा सोडू नये. चूक झाली तर एक रेघ मारून बाजूला सही करावी, पांढरा रंग फासू नये. सभेचे स्थळ, वेळ, नोटिशीची तारीख, हजर सभासदांच्या सह्या आणि गणसंख्या पूर्ण असल्याची नोंद वर हवीच. आणि 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचे विषय' या सदरात पैशाचा किंवा घटनादुरुस्तीचा विषय कधीही आणू नये. जो सभासद आला नाही, त्याला तो विषय कळलेलाच नसतो.

माझी नेमणूक दुसऱ्या एका गावी असताना तिथल्या एका मंडळाची झालेली अडचण मी जवळून पाहिली आहे. बँक खात्याच्या ठरावात पदे न लिहिता दोन माणसांची नावे लिहिली होती, आणि दोघांच्याही सह्या लागतील असे म्हटले होते. एक गृहस्थ वारले. दुसरे मुलाकडे पुण्याला गेले आणि आजारपणामुळे प्रवास करू शकत नव्हते. पैसे मंडळाचे, ठेव मंडळाची. पण त्या वर्षीचा उत्सव नव्याने वर्गणी काढून करावा लागला. ठरावात 'अध्यक्ष, सचिव व कोषाध्यक्ष यांपैकी कोणत्याही दोघांच्या संयुक्त सहीने' एवढे असते तर नवे पदाधिकारी निवडून काम पुढे गेले असते.

कायद्याचेही थोडे सांगतो. नोंदणीकृत संस्थांना १८६० चा सोसायटी नोंदणी कायदा लागू होतो. त्याच्या कलम ४ प्रमाणे दरवर्षी कार्यकारिणीची यादी निबंधकांकडे द्यावी लागते. उत्तर प्रदेशातल्या दुरुस्तीनुसार कार्यकारिणी बदलली असेल तर त्या यादीवर शक्यतो जुन्या सदस्यांच्याही सह्या घ्यायच्या असतात. संस्थेचा उद्देश बदलायचा तर कलम १२ लागते: विशेष सभेच्या दहा दिवस आधी सूचना, तीन पंचमांश सभासदांची संमती, आणि एक महिन्याच्या अंतराने दुसऱ्या विशेष सभेत पुन्हा तीन पंचमांश मतांनी शिक्कामोर्तब. कोर्टात जायची वेळ आली आणि कोणाच्या नावाने जायचे हे नियमावलीत नसेल, तर कलम ६ प्रमाणे कार्यकारिणीला त्या कामासाठी माणूस नेमावा लागतो. म्हणजे पुन्हा ठराव आलाच.

शब्दांचे वजन किती असते, याचे मोठे उदाहरण आपल्याच काशीतले आहे. डिसेंबर १९०५ मध्ये राष्ट्रीय सभेचे अधिवेशन इथे भरले. अध्यक्ष होते गोपाळ कृष्ण गोखले, वय अवघे एकोणचाळीस. बंगालच्या फाळणीमुळे वातावरण तापलेले. लोकमान्यांच्या बाजूला बहिष्काराला उघड पाठिंबा हवा होता, नेमस्तांना तो जड जात होता. शेवटी ठराव केला दडपशाहीच्या निषेधाचा, आणि बहिष्काराचा उल्लेख त्याच्या पोटात घातला: लोकांपुढे कदाचित हाच एक सनदशीर मार्ग उरला होता, अशा आशयाचा. त्या 'कदाचित'वर दोन्ही पक्ष घरी गेले.

पुढच्या वर्षी कलकत्त्याला दादाभाई नौरोजींच्या अध्यक्षतेखाली बहिष्काराची 'चळवळ' न्याय्य ठरवणारा ठराव झाला. चळवळ म्हणजे फक्त विदेशी मालावर बहिष्कार, की सरकारी मानमरातबांवरही? बिपिनचंद्र पाल यांनी व्यापक अर्थ लावला, नेमस्तांना तो मान्य नव्हता. १९०७ मध्ये सुरतेला मसुद्यातले शब्द बदलल्याचे दिसले, तेव्हा कलकत्त्याचे ठराव पातळ केले जात आहेत असा टिळकपक्षाचा आक्षेप होता. अध्यक्षपदाचा वाद होताच, त्यात ही भर पडली. खुर्च्या उडाल्या, जोडाही उडाला आणि सभा दुभंगली. पुन्हा एकत्र यायला १९१६ चे लखनौ उजाडावे लागले. कारणे खोल होती, फक्त शब्दांचा दोष नव्हता हे खरे. पण संदिग्ध शब्द हे हातउसन्या पैशांसारखे असतात: आजची गरज भागते, फेड पुढच्या सभेला करावी लागते.

मंडळी, हे सर्व आज सांगण्याचे कारण आहे. या घाटावरच्या वाड्यांत पूर्वी जेवढी मराठी घरे होती, तेवढी आता नाहीत. मुले शिकून पुण्याला, बंगळुरूला, परदेशी गेली. आम्ही रेल्वेवाले तर बदलीचे पाहुणे. चार वर्षे वर्गणी देतो, आरतीला टाळ वाजवतो आणि पुढच्या गावी जातो. आतापर्यंत 'तात्यांना विचारा, त्यांना आठवते' यावर पुष्कळ चालले. पण तात्या कायमचे नसतात. मूर्तीचे दागिने कोणाकडे आहेत, ठेवीची मुदत कधी संपते, अमुक खोली भाड्याने दिली की वापरायला दिली, हे उद्या सांगणार कोण? ती वही सांगेल. आपण लिहिले असेल तरच.

म्हणून एक विनंती करतो. या वर्षीच्या पहिल्या सभेत मागचे इतिवृत्त वाचून कायम करताना एका तरुण सभासदाला ते मोठ्याने वाचायला सांगा, जो मागच्या सभेला नव्हता. प्रत्येक ठरावानंतर त्याला विचारा: काय करायचे, कोणी, कितीत, कधीपर्यंत? त्याला उत्तर देता आले तर ठराव चांगला. नाही आले, तर त्याच सभेत नवा, स्पष्ट ठराव करून घ्या. त्या निमित्ताने तो तरुण सभेला येऊन बसेल, हा लाभ वेगळाच.



गणपती बाप्पा मोरया!