आईचं लक्ष कुठे होतं?
(वडाळा येथे महिलांच्या बैठकीत केलेले भाषण)



गर्दीत मूल दिसेनासं झालं की पहिला प्रश्न आईलाच, 'तुझं लक्ष कुठे होतं?' मग चौकीत उत्तर, 'ही आमची हद्द नाही.' आपल्या वडाळा स्टेशनात फलाट लोहमार्ग पोलिसांचा, बाहेर आलात की शहर पोलिसांचा. मूल काही हद्द बघून हरवत नाही.

कोल्हापूरचं गावित प्रकरण आठवा. १९९० ते १९९६ या काळात गर्दीच्या ठिकाणांहून गोरगरिबांची मुलं पळवली गेली. खटला १३ मुलांच्या अपहरणाचा उभा राहिला. सहा वर्षं गावोगावचे धागे जुळलेच नाहीत. तोवर त्या आयांना काय काय ऐकावं लागलं असेल!

सर्वोच्च न्यायालयाने १० मे २०१३ रोजी बजावलं, की मूल हरवल्याची तक्रार आली की अपहरण समजून गुन्हा नोंदवायचा. चार महिन्यांत मूल मिळालं नाही, तर तपास मानवी तस्करीविरोधी पथकाकडे द्यायचा. हद्दीबाहेरची तक्रारही शून्य क्रमांकाने घ्यावीच लागते. तेव्हा 'चोवीस तास थांबा' हे ऐकून घेऊ नका. १०९८ ला फोन लावा. एफआयआरची प्रत मागा, ती फुकट मिळते.

फाईल बंद होते, आईचा शोध बंद होत नाही. एकटी गेली तर तिला बाकड्यावर बसवून ठेवतात, दहाजणी गेलो तर लिहून घेतात. म्हणून वस्तीत कुणाचंही मूल हरवलं, तर हातातलं काम टाकून निघायचं. आणि आईला तो प्रश्न आपण तरी विचारायचा नाही.