देवासचे पाणी आणि नगराचा आराखडा

१९४८ पर्यंत थोरली व धाकटी पाती अशी दोन पवार संस्थाने नांदविणाऱ्या या देवास नगराला १९९० साली इंदूरहून आगगाडीने पाणी आणावे लागले. तळी मोडून कूपनलिकांवर विसंबल्याचे ते फळ! पुढे २००६ पासून जिल्हाधिकारी उमाकांत उमराव यांनी शेतकऱ्यांनाच विश्वासात घेतले, तेव्हा त्यांनी जमिनीचा दशांश देऊन स्वखर्चाने तळी खोदली.

१९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने जिल्हा नियोजन समितीत किमान चार पंचमांश सभासद लोकनियुक्त असावेत, असे ठरविले. तेवढ्यावर आम्ही संतुष्ट नाही. देवासचा आणि तळ्यांच्या धारचाही पुढील वीस वर्षांचा मसुदा मंजुरीपूर्वी तळ्याकाठी मोठ्याने वाचावा, आणि पाणी भरणाऱ्या स्त्रियांच्या हरकती तेथेच लिहून घ्याव्यात.